घरच्या कॅसेटी, डीव्हीडी आणि सॉफ्टवेअरची निवड : प्रस्तावना

कॅमकॉर्डरवर घेतलेल्या घरगुती चित्रीकरणाची डीव्हीडी करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न गेली वीस-पंचवीस वर्षे इतक्या सातत्याने विचारला जात आहे, आणि त्याला मिळणारी उत्तरे इतकी परस्परविरोधी आहेत, की जिज्ञासूने उत्तरांच्या मागे लागण्यापूर्वी प्रश्नाचीच छाननी करावी हे बरे. ज्याच्यापाशी २००३ सालच्या मिनीडीव्ही कॅसेटी आहेत, ज्याच्यापाशी १९८८ सालच्या लग्नाची व्हीएचएस आहे, आणि ज्याचा कॅमेरा आठ सेंटिमीटर व्यासाच्या चिमुकल्या तबकडीवरच चित्रीकरण करीत असे, त्या तिघांनाही एकच नाव सांगणारा सल्लागार त्यांपैकी निदान दोघांचे नुकसान करीत असतो. खोक्यात घालून जे विकले जाते ते वरून एक दिसत असले तरी त्याच्या पोटात पाच कामे असतात : कॅसेटीवरचे चित्र संगणकात उतरवून घेणे, नको असलेला भाग कापणे, उरलेले चित्र डीव्हीडीला मान्य असलेल्या एमपेग-२ या स्वरूपात आवळून बसविणे, त्याला प्रकरणे व मेनू लावून डीव्हीडीची रचना सिद्ध करणे, आणि शेवटी ती रचना कोऱ्या तबकडीवर बर्न करणे. या पाच खात्यांवर एकच मुखत्यार कारभारी नेमावा, की प्रत्येक खात्याला त्या त्या कामातला वाकबगार मनुष्य शोधून आणावा, हा या क्षेत्रातला मूळ वाद आहे. बाकीचे बहुतेक वाद त्याच्याच शाखा होत.

या विषयाचा पूर्वेतिहास जपानात घडला. जेव्हीसीने १९७६ साली व्हीएचएस बाजारात आणले तेव्हा त्याचा उपयोग मुख्यतः दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम मुद्रित करून ठेवण्यासाठी होता. चित्रीकरण करावयाचे तर कॅमेरा हातात आणि मुद्रक खांद्याला, अशी दुहेरी यातायात होती. १९८३ साली सोनीने बीटामूव्ही काढून दोहोंना एका देहात आणले, मात्र त्यात मुद्रित केलेले त्याच यंत्रात पाहण्याची सोय नव्हती. पुढच्याच वर्षी जेव्हीसीचा व्हीएचएस-सी कॅमेरा आला, आणि १९८५ साली सोनीचा आठ मिलिमीटर रुंदीच्या फितीचा व्हिडिओ-८. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली, तिच्या पाठोपाठ व्हीसीआर आले, आणि आखातातून वा अमेरिकेतून येणाऱ्या आप्तांच्या सामानातून हे कॅमेरेही मुंबई-पुण्यापासून रत्नागिरी-मडगावपर्यंत पोहोचले. लग्नाची व्हिडिओ शूटिंग हा तर स्वतंत्र धंदाच झाला; हॅलोजन दिव्याच्या झोतात डोळे किलकिले करून घाम पुसत बसलेली वधूवरे त्या काळाच्या जवळजवळ प्रत्येक कॅसेटीत आढळतात. पुढे डीव्हीडी करताना चित्र उजळावे की गडद करावे हा पेच ज्या वाचकास पडेल, त्याने या पेचाचे मूळ त्या दिव्यात आहे हे ध्यानात ठेवावे.

या साऱ्या कॅसेटींवर चित्र सलग विद्युत्संकेताच्या रूपाने राहते. त्याची नक्कल करताना प्रत्येक खेपेस काहीतरी गळतेच. निर्णायक बदल १९९५ साली झाला. त्या वर्षी आलेल्या डीव्ही पद्धतीत कॅमेराच चित्राचे अंकांत रूपांतर करून ते अंक फितीवर लिहू लागला, सेकंदाला अडीच कोटी बिटांच्या, म्हणजे २५ मेगाबिटांच्या गतीने. आणि फायरवायर नावाच्या तारेने ते अंक जसेच्या तसे संगणकात उतरविण्याची सोय झाली. तासाभराच्या मिनीडीव्ही कॅसेटीचे संगणकात सुमारे १३ जीबी होतात, आणि कॅसेट धड असेल तर त्यांत व कॅसेटीवरील अंकांत फरक नसतो. म्हणून डीव्हीच्या धन्याला उतरवून घेण्याच्या खात्यात फारशी निवडच करावी लागत नाही. विन-डीव्हीसारखे एक इवलेसे फुकट सॉफ्टवेअरही ते काम एखाद्या भारी खोक्याइतकेच चोख करते. व्हीएचएसच्या धन्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याला मधे एक रूपांतर करणारे यंत्र लागते, आणि त्या यंत्राच्या दर्जाने जे गमावले जाते ते पुढील चार खात्यांतले कोणतेही सॉफ्टवेअर परत आणून देऊ शकत नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत यूएसबीची जी स्वस्त कॅप्चर-कांडी मिळे, तिच्यासोबत सॉफ्टवेअरची सीडी फुकट येत असे. त्या सीडीवर माणसे दोष ठेवतात, पण बहुतेक वेळा अपराध कांडीचा असतो. आठ मिलिमीटरच्या कॅसेटी असलेल्यांना १९९९ साली निघालेल्या डिजिटल-८ कॅमेऱ्याने मोठा आधार दिला, कारण त्याच्या पुष्कळशा नमुन्यांत जुनी व्हिडिओ-८ अथवा हाय-८ कॅसेट घातली की ती फायरवायरमधून थेट डीव्ही होऊन बाहेर पडते. असा चालू स्थितीतला कॅमेरा कोणाच्या माळ्यावर असेल तर तो मोडीत घालू नये.

आता तबकडीकडे वळू. डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरात जपानात आणि १९९७ साली अमेरिकेत विक्रीस आली. पायोनियरने घरी लिहिता येणारी डीव्हीडी-आर १९९७ सालीच सिद्ध केली होती, परंतु तिचे यंत्र सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेरचे होते. २००१ च्या जानेवारीत अ‍ॅपलने आपल्या पॉवर मॅक जी-४ संगणकात पायोनियरचेच यंत्र बसवून त्यासोबत आयडीव्हीडी हे सॉफ्टवेअर दिले, आणि घरच्या चित्रीकरणाची मेनूसहित डीव्हीडी घरीच करता येते ही कल्पना तेथून रूढ झाली. पुढे 'डीव्हीडी-आर' आणि 'डीव्हीडी+आर' या दोन गटांत काही काळ जी चुरस चालली, ती दोन्ही प्रकार लिहिणारी यंत्रे आल्यावर आपोआप निकालात निघाली. आजच्या वाचकाने तिच्यात वेळ घालवू नये.

भारतात मधे आणखी एक मुक्काम झाला, तो व्हीसीडीचा. व्हीसीडीत चित्राची रुंदी ३५२ व उंची २८८ बिंदूंची, गती सेकंदाला जेमतेम १.१५ मेगाबिट, आणि एका सीडीवर सव्वा तासाच्या आतबाहेर चित्रीकरण. स्वस्त प्लेअरांमुळे ही पद्धत आपल्याकडे घरोघर शिरली, आणि असंख्य कुटुंबांनी लग्नाच्या व्हीएचएसची व्हीसीडी करून घेऊन मूळ कॅसेट रद्दीवाल्याच्या स्वाधीन केली. आज अशी मंडळी त्या व्हीसीडीची डीव्हीडी करू पाहतात, आणि कोणते सॉफ्टवेअर चित्र सुधारील असे विचारतात. कोणतेही नाही, हे त्याचे प्रामाणिक उत्तर आहे. आणि या एकाच उदाहरणावरून अस्सल दस्तऐवज व त्याची नक्कल यांतला भेद सांभाळणे हा या विद्येचा पाया का आहे, हे उमगावे.

डीव्हीडीच्या अंतर्गत व्यवस्थेविषयी नवख्यास थोडे गणित सांगितले पाहिजे, कारण सॉफ्टवेअरच्या जाहिरातीतली अर्धी आश्वासने या गणितापुढे टिकत नाहीत. कोऱ्या डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेले असते; ती गणना दशमान असल्यामुळे संगणक तीच तबकडी ४.४ जीबीच्या आसपास दाखवितो, यात फसवणूक कोणाची नाही. या ४.७ जीबीत तासाभराचे चित्रीकरण ठेवावयाचे तर सेकंदाला दहा मेगाबिटांहून किंचित अधिक खर्च करता येतात, आणि डीव्हीडीचा नियमच असा की चित्राला ९.८ आणि चित्र-ध्वनी मिळून १०.०८ मेगाबिटांच्या वर जाऊ नये. म्हणजे एका तासाला जवळजवळ कमाल दर्जा मिळतो. दोन तास ठेवले की तीच रक्कम निम्मी, सव्वापाच मेगाबिट होते; तीन तासांना साडेतीन. ज्या सॉफ्टवेअरच्या खोक्यावर एका तबकडीत सहा तास असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, ते खोटे बोलत नाही. सहा तास मावतात, पण ते पाहवत नाहीत. व्हीएचएसचा धनी मात्र येथे थोडी काटकसर करू शकतो : व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मुळातच इतका थोडा असतो की चित्राची रुंदी ७२० ऐवजी ३५२ बिंदू ठेवली, जी डीव्हीडीला पूर्णपणे मान्य आहे, तर वाचलेले बिट उरलेल्या चित्राच्या उपयोगी पडतात. ही एवढी सोय किती सॉफ्टवेअरांत लपवून ठेवलेली असते, आणि कितींत मुळीच नसते, ही निवडीची एक उत्तम कसोटी आहे.

या कसोट्यांपैकी सर्वांत कठोर कसोटी आपल्याच लग्नमंडपात सापडते. एमपेग-२ पद्धतीत प्रत्येक चित्र पूर्ण साठविले जात नाही. साधारणपणे अर्ध्या सेकंदात एक चित्र पूर्ण लिहिले जाते, आणि मधल्या चित्रांत सोळा बाय सोळा बिंदूंचे चौकोन कोठून कोठे सरकले एवढाच फरक नोंदविला जातो. भाषण करणाऱ्या वक्त्याच्या बाबतीत ही व्यवस्था फार स्वस्तात काम करते, कारण ओठांखेरीज फारसे काही हलत नाही. परंतु शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट दूर होतो, आणि त्या क्षणी शेकडो हातांतून अक्षता उडतात : तांदळाचा प्रत्येक दाणा स्वतंत्र दिशेने चाललेला, पाठीमागे सारा मंडप एकदम उभा राहिलेला, दोन-चार छायाचित्रकारांचे फ्लॅश लखलखत असलेले, आणि गर्दीच्या धक्क्याने कॅमेराही हललेला. कोणत्याही चौकोनाचा मागच्या चित्रातील चौकोनाशी मेळ बसत नाही. फरक नोंदवायचा म्हटले तर सारे चित्रच फरक असते. चार मेगाबिटांच्या स्थिर गतीने बांधलेले सॉफ्टवेअर या ठिकाणी हात टेकते, आणि वधूवरांच्या तोंडावर, ज्या क्षणासाठी सारी कॅसेट जपली नेमक्या त्याच क्षणी, चौकोनी ठिगळे उमटतात. ज्या सॉफ्टवेअरात दोन फेऱ्यांचे अस्थिर गतीचे आवळणे असते, ते पहिल्या फेरीत कोठे अवघड आहे त्याची टिपणे घेते आणि दुसऱ्या फेरीत आहेरासाठी लागलेल्या लांब रांगेच्या संथ दृश्यातून वाचविलेले बिट अक्षतांवर खर्च करते. म्हणून माझी शिफारस अशी की कोणत्याही सॉफ्टवेअरची परीक्षा घेताना त्याच्या मेनूंचे नमुने पाहत बसू नये. अक्षतांची दोन मिनिटे त्याच्या हवाली करावी, आणि निकाल दूरदर्शन संचावर पाहावा.

दूरदर्शन संचावरच का, याचेही कारण आहे. कॅमकॉर्डरचे चित्र ओळींच्या दोन आलटून-पालटून येणाऱ्या गटांत घेतलेले असते. आपल्या पाल पद्धतीत असे पन्नास गट एका सेकंदात. डीव्ही कॅमेरा खालच्या ओळींचा गट आधी देतो, तर व्हीएचएस उतरवून घेणारी पुष्कळ कार्डे वरचा आधी. सॉफ्टवेअरने हा क्रम उलटा धरला तर धावणारे मूल एक पाऊल पुढे, अर्धे मागे, पुन्हा पुढे, असे लडखडत चालल्यासारखे दिसते. संगणकाच्या पडद्यावर मात्र प्लेअर दोन्ही गट मिसळून दाखवीत असल्याने हा दोष बहुधा नजरेआड राहतो, आणि दहा तबकड्या नातेवाइकांना वाटून झाल्यावर एखाद्या मामांचा फोन येतो. याहून वाईट सवय म्हणजे काही सॉफ्टवेअर न विचारता दोन्ही गट एकत्र करून टाकते. त्याने हालचालीचा अर्धा ओघ कायमचा जातो. डीव्हीडीसाठी असे सॉफ्टवेअर मी बाद समजतो, मग ते कितीही देखणे असो. ध्वनीच्या बाबतीतही अशीच एक खोच आहे : कित्येक डीव्ही कॅमेऱ्यांत ध्वनी १२ बिट व ३२ किलोहर्ट्‌झवर ठेवलेला असे, डीव्हीडीला ४८ लागतात, आणि हे रूपांतर नीट करता न येणाऱ्या सॉफ्टवेअरात तासाच्या अखेरीस ओठ आणि शब्द यांची ताटातूट होते.

परदेशस्थ मराठी कुटुंबांना आणखी एका प्रश्नाची गाठ पडते. न्यूजर्सीत वा कॅलिफोर्नियात घेतलेली कॅसेट एनटीएससी पद्धतीची, इकडची पालची. आपल्याकडचे डीव्हीडी प्लेअर आणि संच सहसा दोन्ही पद्धती निमूटपणे दाखवितात. अमेरिकेतले पुष्कळसे पाल नाकारतात. यास्तव नातवंडाचे बारसे तिकडून इकडे पाठवावयाचे असेल तर ते एनटीएससीतच राहू द्यावे, पद्धत बदलण्याच्या भानगडीत पडू नये. सातारच्या मुंजीची तबकडी तिकडे धाडावयाची असेल तेव्हा मात्र पद्धत बदलणे भाग पडते, आणि ते काम बरे करणारी सॉफ्टवेअरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. व्यापारी चित्रपटांच्या तबकड्यांना जो प्रदेशांक असतो, ज्यात भारत पाचव्या आणि अमेरिका पहिल्या प्रदेशात मोडते, तो घरगुती तबकडीला लावण्याचे काही कारण नाही. त्याची गल्लत वरील गोष्टीशी करू नये.

सॉफ्टवेअरचे पंथ ढोबळमानाने तीन. पहिला एकमुखी कारभाराचा : आयडीव्हीडी, सॉनिकचे मायडीव्हीडी, युलीडचे डीव्हीडी मूव्हीफॅक्टरी, पिनॅकल स्टुडिओ, रॉक्सिओ, नीरो. यांचा उदय होण्यास एक चमत्कारिक पोकळी कारणीभूत झाली. विंडोजमध्ये मूव्ही मेकर २००० सालापासून होते, पण त्यात डीव्हीडी करण्याची तरतूद नव्हती, आणि मायक्रोसॉफ्टचे डीव्हीडी मेकर व्हिस्टाबरोबर अवतरेपर्यंत २००७ उजाडले. मधल्या काळात या कंपन्यांनी बाजार काबीज केला, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीत उडत्या फुलांचे मेनू वाढवीत नेले. या पंथाची मी हेटाळणी करणार नाही. एका बैठकीत कॅसेटीपासून तबकडीपर्यंत नेण्याची सोय ज्याला हवी आहे, त्याची गरज खरी आहे. आयडीव्हीडीच्या पहिल्या आवृत्तीत तबकडीवर तासभरच चित्रीकरण मावे, त्याबद्दल लोक तक्रार करीत. वस्तुतः त्या मर्यादेनेच तिच्या तबकड्या चांगल्या निघत, आणि माणसाला काय ठेवावे, काय गाळावे याचा विचार करणे भाग पडे.

दुसरा पंथ व्यावसायिकांचा : सिनेरिस्ट, डीव्हीडी माएस्ट्रो, अ‍ॅपलचे डीव्हीडी स्टुडिओ प्रो, अडोबीचे एन्कोअर. यांत डीव्हीडीच्या रचनेतील बारीकसारीक कलमांवर हुकूमत चालते; घरगुती कामाला ती हुकूमत क्वचितच लागते. लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी यांपैकी एन्कोअर आपलेसे केले, ते बहुतांशी अडोबीच्याच प्रीमिअर या संकलनाच्या सॉफ्टवेअरशी असलेल्या त्याच्या सोयरिकीमुळे.

तिसरा पंथ सुट्या हत्यारांचा, आणि माझा कल त्याच्याकडे आहे हे लपविण्यात अर्थ नाही. कापण्यासाठी व्हर्च्युअलडब, आवळण्यासाठी जपानचे टीएमपीजीएन्क किंवा फुकट मिळणारे एचसी एन्कोडर, रचनेसाठी डीव्हीडीऑथर, बर्न करण्यासाठी इम्गबर्न. आणि या हत्यारांना एका मुठीत धरणारी डीव्हीडीस्टायलर, डीव्हीडी फ्लिक, एव्हीएस-टू-डीव्हीडी यांसारखी सुटसुटीत सॉफ्टवेअरे. फॅब्रिस बेलार्ड याने २००० साली सुरू केलेला एफएफएमपेग हा प्रकल्प यांतील कित्येकांच्या मुळाशी आहे. या पंथाचा दोष असा की तो शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी गोंधळात टाकतो, आणि इम्गबर्नसारख्या अव्वल दर्जाच्या साधनाच्या स्थापनेबरोबर एके काळी जाहिरातींचे नको ते सॉफ्टवेअर चिकटून येत असे, त्यामुळे सावधगिरीने प्रत्येक खूण वाचून पुढे जावे लागे. गुण असा की एखादे खाते बिघडले तर तेवढेच बदलता येते. याखेरीज संगणकाला हातच न लावता डीव्हीडी रेकॉर्डरला व्हीसीआर जोडून थेट नक्कल काढणारेही पुष्कळ होते; त्यांच्या तबकड्या दिसावयास वाईट नसतात, फक्त त्यांत काहीच कापलेले नसते.

या पंथांचे पुढे काय झाले हे पाहिले म्हणजे आज या पुस्तकाची निकड का आहे ते ध्यानी येते. युलीड इंटरव्हिडिओच्या मार्गाने २००६ साली कोरेलकडे गेले. रॉक्सिओ आणि पिनॅकल २०१२ साली त्याच कोरेलच्या पदरात पडले, म्हणजे ज्यांच्या तुलनेत ग्राहक रात्री जागवीत ते प्रतिस्पर्धी एकाच छत्राखाली आले. त्याच २०१२ साली निघालेल्या विंडोज ८ मधून डीव्हीडी मेकर वगळले गेले, आणि त्याच वर्षीच्या सीएस-६ संचानंतर एन्कोअरची नवी आवृत्ती निघाली नाही. डीव्हीडी स्टुडिओ प्रो त्याच्या आदल्याच वर्षी बंद झाले होते. इम्गबर्नची अखेरची आवृत्ती २०१३ ची आहे, आणि ती आजही विनातक्रार चालते. यंत्रांची कथा अधिक गंभीर : व्हीसीआर बनविणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली उत्पादन थांबविले, कोऱ्या तबकड्यांचा भारतातला सर्वांत मोठा कारखाना चालविणाऱ्या मोझर बेअरचे २०१८ साली दिवाळे काढण्याचा आदेश झाला, आणि २०२५ च्या मॅकओएसमधून अ‍ॅपलने फायरवायरचा आधारच काढून घेतला. दुसरीकडे कॅसेटी वाट पाहत थांबलेल्या नाहीत. फितीवरील चुंबकीय कणांना धरून ठेवणारे बंधक द्रव्य दमट हवेत मऊ पडते, कोकणात व मुंबईत तर फितीच्या कडांवर पांढरी बुरशी धरते, आणि अशी एक कॅसेट घातली की व्हीसीआरचे हेड मळून पुढच्या चांगल्या कॅसेटीही खराब होतात. सॉफ्टवेअर आज नाही तर उद्या मिळेल. चालू व्हीसीआरची मुदत मात्र संपत आली आहे. यास्तव उतरवून घेण्याचे काम आधी, सर्व कॅसेटींचे, एकदम. आवळणे, मेनू आणि तबकडी हे सारे सवडीने.

येथे कोणी विचारील, की मग डीव्हीडी तरी कशाला? तिचाही अंमल संपत आला आहे, आणि लिहिण्याच्या तबकडीवरचा रंगद्रव्याचा थर ऊन व उष्णता लागून कालांतराने फिकट होतो, हे खरे आहे. डीव्हीडीला दप्तर समजू नये, ही ताकीद म्हणूनच द्यावीशी वाटते. चाळीस डीव्ही कॅसेटींचे सव्वापाचशे जीबी होतात. ते आज एक टीबीच्या डिस्कवर सहज मावतात, आणि अशा दोन डिस्का दोन घरांत ठेवल्या की दप्तराची व्यवस्था झाली. डीव्हीडी ही पाहण्याची नक्कल. परंतु पाहण्याची नक्कल म्हणून तिच्याइतकी सोयीची वस्तू वृद्धांसाठी अजून निर्माण झालेली नाही : खाते नाही, परवलीचा शब्द नाही, मासिक वर्गणी नाही, तबकडी घातली, रिमोटवरचा बाण दाबला, आणि बारसे निवडले की बारसे लागते.

प्रस्तुत ग्रंथाची मांडणी याच धोरणाने झालेली आहे. ग्रंथकाराने सॉफ्टवेअरांची गुणानुक्रमे यादी दिलेली नाही, आणि न दिली हे उत्तम केले; असली यादी छापून बाहेर पडेपर्यंत शिळी झालेली असते. त्याऐवजी त्याने वाचकाला त्याच्या कॅसेटीपासून चालविले आहे : डीव्ही, आठ मिलिमीटर, व्हीएचएस, चिमुकली डीव्हीडी, यांपैकी जे ज्याच्यापाशी असेल त्याचा मार्ग वेगळा काढून त्या मार्गावरच्या प्रत्येक खात्यात काय तपासावे आणि कोठे न थांबता पुढे जावे हे सांगितले आहे. छोट्या तबकडीच्या कॅमेऱ्यांविषयीचे प्रकरण मला विशेष मोलाचे वाटले, कारण त्यांतील चित्र आधीच एमपेग-२ मध्ये आवळलेले असते. ते पुन्हा न आवळता नुसते कापून मोठ्या तबकडीवर कसे न्यावे, आणि कॅमेऱ्यातच फायनलाइज न केलेली तबकडी संगणक का वाचत नाही, याचा इतका निर्मळ खुलासा मराठीत दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही. चित्रपटांच्या तबकड्यांचे कुलूप फोडण्याचा विषय त्याने सर्वस्वी वर्ज्य केला आहे. तो या ग्रंथाच्या कक्षेबाहेरचाच होता.

एका गोष्टीत मात्र माझा ग्रंथकाराशी मतभेद आहे. दोन तासांहून मोठ्या चित्रीकरणासाठी तो ८.५ जीबीच्या दुहेरी थराच्या तबकडीची शिफारस करतो. ती तबकडी महाग पडते, जुने प्लेअर तिच्यावर अडखळतात, आणि थर बदलताना चित्र क्षणभर थबकते. तो क्षण कोठे यावा हे ठरविण्याची मुभा पहिल्या पंथातली बहुतेक सॉफ्टवेअरे देत नाहीत. अडीच तासांच्या लग्नाचे मी साध्या दोन तबकड्यांवर दोन भाग करीन, पहिल्यात हळदीपासून अक्षतांपर्यंत आणि दुसऱ्यात पंगतीपासून वरातीपर्यंत, आणि पहिल्या भागाला बिट अधिक देईन. ग्रंथकाराने या आक्षेपाला सातव्या प्रकरणाच्या शेवटी उत्तर दिले आहे. वाचकाने दोन्ही बाजू पाहून आपल्या प्लेअरवर प्रयोग करावा.